टिंबाने जोडलेलं नाव

खैरनार सरांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते व्याकरणच होतं.
आधी क्रियापद. मग ज्याच्यावर करायचं त्याचं नाव.
मग तिरकी रेघ आणि अटी.
चौकोनी कंसातलं दिलं नाही तरी चालतं,
टोकदार कंसातलं तुझं तू भरायचं,
उभी रेघ म्हणजे हे किंवा ते, दोन्ही नाही.
"मराठीत क्रियापद शेवटी येतं," ते म्हणाले,
"म्हणून आपल्याला मन बदलायला वेळ मिळतो.
इथं मिळत नाही."

आणि नाव लिहायचं पानापासून.
पान, टिंब, फांदी, टिंब, मूळ.
निवृत्ती टिंब देखभाल टिंब अंबड टिंब कंपनी.
शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी,
इथं माणूस आधी, कूळ मागाहून.
टिंब विसरलं तर शोध भलत्याच फांदीवर चढतो
आणि कुणीच सापडत नाही,
किंवा दुसराच निवृत्ती सापडतो,
सिन्नरच्या स्टोअरमधला.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी एचआरचा मेल आला:
खातं काढून टाका.
रात्रपाळी. एसीची घरघर.
बाहेर ट्रकवाल्यांसाठी उघडी असलेली एकच टपरी.
मी क्रियापद टाइप केलं
आणि थांबले.

खोडलं की नाव लगेच जात नाही,
हेही त्यांनीच सांगितलेलं.
झाड एका जागी नाही:
एक प्रत इथं, एक सिन्नरला,
एक दिंडोरीला, एक मालेगावला.
खोडलेल्या नावावर खूण करून ते साठ दिवस ठेवायचं,
तोवर प्रत्येक प्रतीला कळायला हवं, माणूस गेला.
जिला कळलं नाही ती त्याला परत पाठवते,
जिवंत, जुन्या पासवर्डसकट.
विसरण्यासाठीसुद्धा
सगळ्यांनी मिळून काही दिवस लक्षात ठेवावं लागतं.
(हे वाक्य त्यांचं नाही, माझं.
ते म्हणायचे, आधी लिंक तपास.)

मालेगावची लिंक संध्याकाळपासून पडलेली.
मालेगावात ते अजून कामावर होते.

पावणेदहाला त्यांच्या मुलाचा, हेमराजचा फोन.
काल रामकुंडावर गुरुजींनी वही काढली,
लांबट, लाल कापडातली,
विचारलं, गाव? आडनाव? आजोबा? पणजोबा?
"मॅडम, मला पणजोबांचं नाव येत नव्हतं.
गुरुजींना येत होतं."
ती वही गावावरून उघडते म्हणे,
मुळाकडून पानाकडे, आमच्या उलट.
आणि तिच्यात कुणाला खोडत नाहीत,
गेलेल्याच्या खाली
आलेला सही करतो, एवढंच.
त्याला खरं विचारायचं होतं पीएफचं.
उद्या बघते, म्हणाले.

मग काढण्याआधी, रीतीप्रमाणे, शोधाची आज्ञा:
या नावावर काय काय चालतं?
अकरा ओळी आल्या.
कॅन्टीनची कुपनं. दोन नंबर गेटचा भोंगा.
दिंडोरीच्या बॉयलरचं तापमान, दर पंधरा मिनिटांनी.
रात्री दोनचा बॅकअप.
दर सोमवारी, भंगारात गेलेल्या एका प्रिंटरला
चाचणीचं एक पान.
बावीस वर्षं, घाईघाईत,
एकेक काम स्वतःच्या नावावर टाकलेलं,
आणि मला बजावलेलं:
असं कधी करायचं नाही.

दोन वाजले. रॅकमधले हिरवे दिवे एकदम पळायला लागले.
काम: बॅकअप. कर्ता: निवृत्ती खैरनार.
वेळ: दोन वाजून तीन सेकंद.

मी क्रियापद पुसलं,
शेवटाकडून, एकेक अक्षर.
दुसरं लिहिलं: हलव.
मशीननं विचारलं, नवा मालक?
टोकदार कंस, आत काही नाही.
कामांसाठी वेगळं खातं काढायचं असतं,
त्याला फॉर्म, त्याला दोन सह्या,
आणि सही करणारे दोघं झोपलेले.

मी माझं नाव लिहिलं.
टिंब. देखभाल. टिंब. अंबड.
उद्या बदलीन.